पंखा कुणी लावला?

त्या रविवारी सकाळी मी आमच्या गेटपाशी उभी होते. एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात दशम्यांचा डबा, डोक्याला उन्हासाठी रुमाल. पैठणच्या बाजूला एका गावात डोळ्यांचं शिबिर होतं आणि उन्हं तापायच्या आत पोचायचं म्हणून प्रज्ञा मला घ्यायला येणार होती. प्रज्ञा म्हणजे डोळ्यांची डॉक्टर आणि पाचवीपासून एका बाकावर बसलेली माझी मैत्रीण. उशीर करायचं खातं माझ्याकडे होतं. ती आमच्या दारात गाडी उभी करून गल्लीतली सगळी माणसं जागी होईपर्यंत हॉर्न वाजवायची आणि मी पदर खोचत धावत यायचे. त्या दिवशी जन्मात कधी नाही ते मी आधी तयार होते आणि मला त्याचा फार अभिमान वाटत होता. थोडा वेळ वाट पाहिली... मग फोन लावला. पलीकडून उचलला गेल्याबरोबर मी सुरू झाले, "काय डॉक्टरीणबाई, आज कोण झोपलंय? मी येऊन हॉर्न वाजवू का?" पलीकडे प्रज्ञा नव्हती, तिचे यजमान सुधाकरराव होते. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "मंदाताई, तुम्ही घरी या. प्रज्ञा उठतच नाहीये."

रिक्षात बसेपर्यंत मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं की बीपी वाढलं असेल, चक्कर आली असेल, दोन दिवस सक्तीनं झोपवायला पाहिजे हिला. रागावण्याची पुरी तयारी करून मी त्यांच्या जिन्याशी पोचले. तिथं दाराबाहेर चपलांचा ढीग होता. गल्लीतले डॉक्टर खाली मान घालून जिना उतरत होते, आणि मी त्यांना विचारलं, "शुद्धीवर आली का?" त्यांनी कठड्याला सरकून मला वर जायला वाट दिली. पहाटे उठून ती पाणी प्यायली होती, "जरा पडते" म्हणाली होती, आणि पडली ती पडलीच. हृदय बंद पडलं. छाती दुखतेय असं कधी म्हटलेलं नाही, धाप लागलेली नाही, आदल्या संध्याकाळी फोनवर माझ्याशी दशम्यांबरोबर लसणाची चटणी आणायची की शेंगदाण्याची यावर भांडलेली बाई... बाहेरच्या खोलीत गादीवर तिला आणून निजवलं होतं. शिबिराला घालायचे कपडे खुर्चीच्या पाठीवर तसेच होते. खोली तापलेली, माणसांनी भरलेली. मी आत आले आणि पहिलं काय केलं असेल तर भिंतीवरचं बटण दाबून पंखा लावला. तिला उकाडा सोसत नसे, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मग तिच्या पायाशी बसले. थर्मास माझ्या मांडीवर होता, तो कुणीतरी काढून घेतला.

आज या गोष्टीला काही आठवडे झाले. लोक म्हणतात, लिहा, मोकळं वाटेल. मला मोकळं वगैरे वाटत नाही. मला अजून हे पटलेलंच नाही. रविवारी सकाळी बाहेर कुणी हॉर्न वाजवला की मी पदर खोचून उठते. तरी लिहिते आहे, कारण तिच्याबद्दल छापून आलेल्या चार ओळींत ती कुठंच सापडली नाही. "गोरगरिबांच्या नेत्रसेवेत आयुष्य वेचले" असं त्यात होतं. हे वाचून ती पोट धरून हसली असती.

आम्ही एका शाळेत होतो. तिचे वडील लवकर गेले आणि तिची आई मोंढ्यात धान्य निवडायला जायची. आडत्यांच्या दुकानांपुढं बायका ओळीनं सूप घेऊन बसायच्या, त्यांतली एक. शाळा सुटली की प्रज्ञा तिथं जाऊन पोत्यांवर बसून अभ्यास करायची आणि मी माझ्या घरी खोटं सांगून तिच्याबरोबर जायचे, कारण तिथं मूठभर शेंगदाणे मिळायचे. आईंच्या सुपात ज्वारी नाचायची आणि खडा बाजूला उडायचा. त्या सुपाकडे बघत नसतच, बायकांशी बोलत असत, आम्हाला रागावत असत आणि खडा मात्र बरोबर बाहेर. त्या निवडलेल्या धान्यावर प्रज्ञा डॉक्टर झाली. बुद्धविहारात तिचा सत्कार झाला तेव्हा आईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माइकपुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिनं केलं. मी नुस्ती बसून व्हते." आणि खाली उतरल्या.

डॉ. शेख आणि प्रज्ञानं मिळून शहागंजच्या बाजूला दवाखाना काढला. शेख तिच्याबरोबर शिकलेले, शांत माणूस, ऑपरेशन करताना गुणगुणायचे. शहरातला दवाखाना बरा चालत होता, पण प्रज्ञाच्या मनात खेड्यांचं होतं. पहिलं शिबिर त्यांनी फुलंब्री तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात घेतलं. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते, रविवार मोकळा, म्हणून मदतीला गेले. माणसं भरपूर आली. सगळे पुरुष. धोतर, टोपी, काठी टेकत टेकत आलेले. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एका म्हाताऱ्याला तपासता तपासता प्रज्ञानं विचारलं, "बाबा, मावशी नाही आल्या?" तो म्हणाला, "तिला काय बघायचंय बाई? घरातच असती ती."

"मग घरात दिसायला लागत नाही का?"

"तिला समदं सवयीनं गावतंय."

रागावली की तिचा उजवा कान लाल व्हायचा, परतताना गाडीत तो लाल होता. घर जवळ आल्यावर म्हणाली, "मंदे, गावातल्या सगळ्या बायका कुठं जमतात गं?" मी म्हटलं पाणवठ्यावर. ती म्हणाली, "कुठल्या जमान्यात आहेस? आता नळ आलेत." मग मीच विचार करून म्हटलं, "गिरणीत." तेवढी एक अक्कल मी तिला आयुष्यात दिली, आणि तिची शिक्षाही पुढं मीच भोगली.

कारण पुढं बायकांची सगळी शिबिरं पिठाच्या गिरणीत झाली. शाळेत पुरुष, गिरणीत बायका. दळण घेऊन बायकांना यावंच लागतं, नंबर लागेपर्यंत थांबावंच लागतं, आणि सासू काय, नवरा काय, गिरणीत जाऊ नको असं कुणी म्हणत नाही. तक्ता वाचायला सांगितला तर त्या लाजायच्या, "आमाला कुटं वाचता येतंय" म्हणून तोंडाला पदर लावायच्या. म्हणून प्रज्ञानं तक्ता बाजूला ठेवला आणि सूप काढलं. सुपात ज्वारी, ज्वारीत खडे. "मावशी, जरा निवडून द्या बरं." लाजायचा प्रश्नच नाही. जिला खडा दिसेना, तिला ती दाराशी उजेडात घेऊन जायची आणि बॅटरीनं डोळा बघायची. घरी निवडून ठेवलेल्या चांगल्या ज्वारीत खडे मिसळण्याचं काम माझ्याकडे होतं. शनिवारी संध्याकाळी मी ते करत बसले की आमच्या घरातले लोक माझ्याकडे काळजीनं बघायचे. आणि मला धुळीचं वावडं. घरात टेबलावर बोट फिरवून बघणारी मी, आणि गिरणीतून निघताना माझ्या भुवयांवरसुद्धा पीठ. प्रज्ञा गाडीत बसायच्या आधी माझं डोकं झटकायची आणि म्हणायची, "हालू नको, भाकरी होईल तुझी."

सगळ्याच बायकांना मोतीबिंदू नसायचा. पैठणला एक विणकर बाई भेटली होती, पैठणी विणणारी, चाळिशी ओलांडलेली. तिनं माग सोडून शेतात मजुरीला जायला सुरुवात केली होती. का सोडला विचारलं तर म्हणाली, "हात गेला माझा." हाताला काहीच झालं नव्हतं. जवळचं दिसेना म्हणून धागा चुकत होता आणि तिला वाटलं, हातातली कला गेली. घरातही सगळ्यांनी तेच धरलं होतं. प्रज्ञानं तिला जवळचा चष्मा लावला आणि तिनंच विणलेली एक जुनी पैठणी घरून मागवून तिच्या मांडीवर ठेवली. बाईनं पदर डोळ्यांशी नेला, मोरावरून बोट फिरवलं, आणि आम्हाला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "आगं बया, किती चुका ठिवल्यात मी." आणि चष्मा न काढता तशीच घराकडे निघाली. पुढच्या वर्षी तिनं आम्हाला मागावर बसून दाखवलं, आणि मध्ये बोलू नका म्हणून दटावलं.

सगळ्यात जास्त डोकं उठायचं ते मात्र "पिकू दे" या शब्दांनी. आमच्याकडे गावोगाव एक समज घट्ट बसलेला आहे की मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय काढायचा नसतो. पूर्वीच्या पद्धतीत तसं होतंही म्हणे. आता तसं काही राहिलेलं नाही, उलट जास्त थांबलं तर डोळा हातचा जातो. पण बाई म्हणणार, "आजून पिकला नाय, बाई. सुगी होऊ द्या, पोरीचं लगीन होऊ द्या." प्रज्ञा तासन् तास त्यांच्याशी बोलत बसायची. ती भाषण करायची नाही. बाईच्या सुनेला जाऊन सांगायची, शेजारणीकडून म्हशीची धार काढायचं कबूल करून घ्यायची, आणि बाईला गाडीत घालून शहरात आणायची. एवढं सगळं करून घरी यायची, आणि घरात स्वतःची आई म्हणायची, "आजून पिकला नाय माजा."

हा आमच्या घरोब्यातला कायमचा विनोद होता. आईंना एका डोळ्यानं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं अंधूक. प्रज्ञा त्यांच्यापुढं सूप ठेवायची आणि त्या खडा न् खडा काढून द्यायच्या. "हे घे. दिसतंय का नाय मला?" त्या बोटांनी निवडायच्या, मोंढ्यात आयुष्य गेलेलं. प्रज्ञा चिडायची, "आई, ही फसवणूक आहे." शेवटी खूप मागं लागल्यावर त्यांनी अट घातली की ऑपरेशन तूच केलंस तर करते, दुसऱ्याचा हात नको. आणि प्रज्ञा म्हणायची, स्वतःच्या आईवर माझा हात चालणार नाही, शेखच करतील. दोघी हट्टी. कित्येक वर्षं हे असंच लटकत राहिलं. मला वाटतं दोघींनाही त्यात मजा येत असावी, आणि वेळ तर भरपूर आहे असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तिची एक रीत होती. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना ती स्वतः कधी पेशंटच्या समोर उभी राहायची नाही. बाजूला व्हायची आणि पेशंटच्या घरच्या माणसाला समोर उभं करायची. नवरा असेल, नातू असेल, सून असेल. "पहिलं आपलं माणूस दिसलं पाहिजे," म्हणायची, "माझं तोंड बघायला गावाहून आल्या नाहीत त्या." काही बायका एकट्याच यायच्या, त्यांच्यासाठी मला उभं करायची. किती जणींची माझ्या चेहऱ्यानं निराशा झाली असेल देव जाणे. एक म्हातारी माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाली होती, "तू व्हय ती गिरणीतली? आवाजावरनं मला वाटलं लई धडधाकट आसशील."

आणि शिबिराच्या शेवटी नेत्रदान. भोंगा माझ्या हातात असायचा, कारण वर्गात ओरडून ओरडून माझा आवाज तयार झालेला. मी सांगायचे: घरात कुणी गेलं तर काही तासांच्या आत डोळे देता येतात. फोन करा. माणसं घरी येतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, आणि सगळ्यात आधी पंखा बंद करा, वाऱ्यानं डोळे सुकतात. हे मी इतक्या गावांत म्हटलं आहे की झोपेतही म्हणेन. लोक घाबरायचे. एका बाईनं विचारलं, डोळं देऊन पुढच्या जन्मी आंधळी झाले तर? प्रज्ञा म्हणाली, "पुढच्या जन्माचं मला माहीत नाही मावशी. या जन्मात तुमच्या दोन डोळ्यांनी दोन माणसं बघतील, एवढं मला माहीत आहे." गावांतून तिच्या फोनवर अवेळी फोन यायचे, नुकतंच कुणी गेलेलं असायचं, आणि ती जेवणावरून उठून, उष्ट्या हातानं फोन धरून सांगायची, "आधी पंखा बंद करा. पंखा बंद केला का? मग बोला."

स्वतःचे डोळे द्यायचे हे तिनं आईंना एकदा जेवताना सांगितलं. मी त्या पंगतीला होते. आईंनी ताट पुढं सरकवलं. "ते डोळे मी दिलेत तुला. माझ्या देखत कुणी हात लावायचा नाय त्याला."

प्रज्ञा हसली. "तुझ्या देखत म्हणजे काय? तुला दिसतंय कुठं? आणि तू आधी जाणार आहेस की माझ्या, तुला कशाला काळजी?"

आई तिच्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. तो विषय त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. प्रज्ञानंही नाही, आणि ती काही घाबरणारी नव्हती.

म्हणून त्या सकाळी जे झालं ते झालं. मी पंखा लावून बसले होते. डोक्यावर तो पंखा टक्‌टक्‌ करत फिरत होता. त्याचं एक पातं जरा वाकडं होतं, ते नीट करून घ्यायचं असं प्रज्ञा वर्षभर म्हणत होती. आई गादीच्या उशाशी बसलेल्या, हात मांडीत, डोळे कुठंतरी लावलेले. रडत नव्हत्या. कुणीच धड रडत नव्हतं. सगळे बघत होते आणि कुणाला काही कळत नव्हतं. डॉ. शेख आले. दारातच थबकले. त्यांनी प्रज्ञाकडे पाहिलं, मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. भोंग्यावर म्हटलेलं सगळं मला त्या एका क्षणात आठवलं. मी उठले आणि बटणाकडे न जाता तडक गॅलरीत गेले, कारण पंखा बंद केला की आई विचारणार, का बंद केला, आणि त्याचं उत्तर कुणी द्यायचं?

गॅलरीत सुधाकरराव कठड्याला धरून उभे होते. शेख मागोमाग आले. मला ते बाजी, म्हणजे ताई, म्हणत. म्हणाले, "बाजी, वक्त जा रा है. अम्मा कू कौन बोलेगा?" सुधाकरराव म्हणाले, "मी नाही बोलू शकत. त्यांची एकुलती एक लेक गेलीय, आणि मी जाऊन काय विचारू? तुम्ही बोला, ताई." मी म्हटलं, माझी जीभ कशी उचलेल. शिकलेसवरलेले आम्ही तिघं, त्यांतले शेख आणि मी तर गावोगाव दुसऱ्यांच्या घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असताना हेच विचारत आलेलो, आणि स्वतःवर वेळ आल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. आमचं आयुष्य ज्यात गेलं तीच गोष्ट आमच्या हातून निसटत होती आणि आम्हाला ती दिसतही होती. शेख रुमालानं कपाळ पुसत राहिले. मी त्यांना म्हटलं, निदान आपण...

आतून आईंचा आवाज आला. मोठा नव्हता.

"पंखा कुणी लावला?"

मी दारात आले. आई मान वर करून ऐकत होत्या, त्या टक्‌टक्‌ आवाजाकडे कान देऊन. "मी लावला, आई," मी म्हटलं.

"बंद कर."

मी बटण दाबलं. पाती हळूहळू थांबली. आई म्हणाल्या, "शेख आलाय का? त्याला म्हणावं कापूस वला करून आण. आन् उशी दे कुणी तरी. तिचं डोस्कं खाली हाय." मग म्हणाल्या, "फोन केला का नाय? येळ जातोय. तिला येळ गेलेला आवडत नाय." शेख तिथंच, दाराच्या चौकटीला टेकून, मोठ्यानं रडायला लागले. फोन मग सुधाकररावांनी केला.

आईंनी स्वतःच्या हातानं प्रज्ञाच्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. मग भिंतीला धरून उठल्या, स्वयंपाकघरातलं स्टूल मागितलं, ते बटणांच्या पाटीखाली लावलं आणि त्यावर भिंतीला पाठ टेकून बसल्या. उन्हाळ्याचे दिवस. माणसं येतच होती आणि येणारा प्रत्येक जण आत शिरला की घाम पुसत वर बघायचा आणि बटणाकडे हात न्यायचा. "लाइट गेली का?" आणि त्या म्हणायच्या, "नाय. बंदच ऱ्हाऊ दे." कुणी म्हटलं, आजी, तुम्हाला त्रास होईल. त्या हलल्या नाहीत. त्यांच्या पांढऱ्या लुगड्याची पाठ घामानं भिंतीला चिकटली होती. मध्येच कुणीतरी त्यांना पाणी दिलं, तर त्यांनी आधी कापूस वला हाय का ते बघायला लावलं. मी त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. त्यांनी विचारलं, "दोन माणसांला व्हतील ना गं? ती दोन म्हणायची."

"दोन, आई."

नेत्रपेढीची माणसं आली, दोन तरुण मुली आणि एक डॉक्टर. प्रज्ञाला ओळखत होती सगळी. त्यांतल्या एका मुलीला हातमोजे घालता येईनात, ते दुसरीनं तिला घातले. त्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आम्ही उठलो. मी आईंचा हात धरला, तर त्या स्टुलावरून उठेनात. डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "आजी, थोडाच वेळ. तुम्ही नका बघू." आई म्हणाल्या, "बसू दे मला हितं. मला दिसतंय कुठं." मी बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले, चपलांच्या ढिगाशेजारी. हे वाक्य मी कुठं ऐकलंय ते मला बऱ्याच वेळानं आठवलं.

आत गेलो तेव्हा सगळं पूर्वीसारखंच होतं. मिटलेले डोळे, काही कळतही नव्हतं. आई जाऊन बसल्या आणि त्यांनी बोटं फिरवली. कपाळ, भुवया, पापण्या, गाल. सुपावर फिरायची तशी, सावकाश. म्हणाल्या, "हाय. तशीच हाय." आणि मग त्यांचा बांध फुटला. तो आवाज मला इथं लिहिता येत नाही.

दुपारी बुद्धवंदना झाली, तिला नेलं. तो पंखा त्यानंतर कुणी लावलाच नाही. सुधाकरराव आतल्या खोलीत कूलरसमोर बसतात, बाहेर आलेल्या माणसांना आई पुठ्ठ्याचा तुकडा देतात वारा घ्यायला. माझा थर्मास त्यांच्या ओट्यावर तसाच राहिला होता. पुष्कळ दिवसांनी मी तो घरी आणून उघडला आणि त्या वासानं मला मोरीतच खाली बसावं लागलं. नेत्रपेढीनं एवढंच कळवलं की दोन्ही डोळ्यांची बुबुळं बसवली गेली. कुणाला, ते सांगत नाहीत, नियमच आहे. मला तो नियम पाठ आहे, मीच भोंग्यावर सांगत आले. तरी आता सिटी बसमध्ये समोर कुणी बसलं की मी त्याच्या डोळ्यांकडे बघत राहते, आणि माणसं अवघडून खिडकीकडे तोंड फिरवतात.

मागच्या आठवड्यात शेखांचा फोन आला. म्हणाले, "अम्मा खुद आए. बोले, मेरा निकाल दो." आईंनी रिक्षा करून, शेजारच्या मुलीला बरोबर घेऊन, दवाखाना गाठला होता. मी धावत गेले. म्हटलं, आई, पिकला का? त्या म्हणाल्या, "आता कुणाची वाट बघू?" शेखांनी ऑपरेशन केलं. त्या दिवशी ते गुणगुणले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना त्यांनी सवयीनं विचारलं, समोर कोण उभं राहणार. सुधाकरराव पुढं झाले, पण आई म्हणाल्या, "मंदीला बोलव." मी समोर उभी राहिले. पट्टी निघाली. आईंनी दोन-तीनदा डोळा मिटला, उघडला, आणि माझ्याकडे बघितलं. खूप वर्षांनी बघत होत्या त्या मला. हात लांब करून त्यांनी माझ्या डोक्यावर बोटं फिरवली, झटकल्यासारखी.

"गिरणीत गेलती का? केसाला पीठ लागलंय."

"पीठ नाही आई. केस पांढरे झालेत माझे."

"व्हय?" त्या म्हणाल्या. "आन् तिचे?"

"तिचेपण झाले होते. ती रंग लावायची."

हे त्यांना माहीतच नव्हतं. लेकीचे केस पिकलेले त्यांनी पाहिलेच नव्हते.

घरी आणून मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. बटणांच्या पाटीखाली ते स्टूल अजून तिथंच होतं. आई काळा चष्मा जरा वर करून सगळं एकेक बघत होत्या. भिंतीवरची तिची तसबीर, खुर्ची, दाराचा पडदा. मग मान वर करून छताकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, चष्मा खाली घ्या, उजेड लागेल. त्या म्हणाल्या, "आगं, पंख्यावर धूळ बघ किती बसलीय. आन् एक पातं वाकडं हाय."

मी फडकं ओलं करून आणलं, ते स्टूल पंख्याखाली ओढलं आणि वर चढले. या वयात चढू नये, पण चढले. एकेक पातं पुसलं. वाकडं होतं ते पुसताना हातानं जरा दाबून पाहिलं, ते काही सरळ झालं नाही. धूळ माझ्या डोक्यावर, तोंडावर पडत होती, आणि खालून आई, "तिकडं ऱ्हायलं, आजून जरा, तिकडं," असं दाखवत होत्या. मी खाली उतरले. त्या उठल्या, भिंतीला हात न लावता बटणांपर्यंत चालत गेल्या आणि त्यांनी पंखा लावला.

तो टक्‌टक्‌ करत फिरायला लागला. आम्ही दोघी खाली बसून राहिलो, बराच वेळ, आणि त्यांनी माझ्या केसांतली धूळ काढली.